ओझरकडा जळालेलाच राहू द्या : आमच्या रविवारच्या चार डीएमना खुले पत्र

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही चौघा डीएमनी, म्हणजे टेबलावर गोष्ट चालवणाऱ्यांनी, एक निर्णय वाचून दाखवलात. चारही टेबलांचं सामायिक कॅलेंडर बंद. प्रवासाचे दिवस, रेशन आणि नाण्यांचं वजन मोजणं बंद. रोजनामा बंद, प्रत्येक टेबल आपापल्या सोयीने गोष्ट पुढे नेईल. आणि नव्या खेळाडूंना सुरुवातीला एक शांत, नांदतं गाव हवं म्हणून आपल्या खेळात जळून गेलेला ओझरकडा पुन्हा जसाच्या तसा उभा. तो कधी जळलाच नाही असं समजायचं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण समोर सहा नवी मुलं पहिल्यांदाच फासे हातात घेऊन बसली होती आणि त्यांच्यासमोर वाद नको होता. पण हा निर्णय मला मान्य नाही. आपल्याकडे आता मराठीत खेळणारे गट हळूहळू वाढताहेत, त्यांच्यासमोरही हाच प्रश्न कधीतरी येणार आहे. म्हणून हे पत्र फक्त तुम्हाला न देता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, तो जग सांगतो. बाकी प्रत्येकाचं एक पात्र. 'मी काय करतो' हे खेळाडू सांगतो, ते जमतं का हे नियम आणि वीस बाजूंचा फासा ठरवतो. हे जग पडद्यावर नसतं, पटावरही नसतं. ते सांगितलेल्या शब्दांत आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीत असतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हापासून मूळ व्यवहार हाच आहे.

आपलं जग सहा वर्षांचं आहे. चार टेबलं, चार डीएम, पण नकाशा एक आणि काळ एक. त्याचा रोजनामा मी लिहिते. सात दोनशेपानी वह्या झाल्या. कुठल्या सेशनला कुठल्या टेबलावर काय घडलं, तिथे त्या वेळी कुठली तिथी होती, कोण मेलं, कुठला पूल तुटला, कुणी कुणाला काय शब्द दिला, हे सगळं त्यात आहे. या निर्णयाने माझं काम गेलं म्हणून मी चिडले आहे असं कुणाला वाटेल, तर वह्या उद्या दुसऱ्या कुणी लिहिल्या तरी मला आनंदच आहे. फक्त त्या लिहिल्या जायला हव्यात.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ओझरकड्याची आहे.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या टेबलाने ते गाव वाचवायचा प्रयत्न केला होता. धान्याचं कोठार वाचवायचं की माणसं पलीकडे न्यायची, यावर त्या पाच खेळाडूंनी अर्धा तास खऱ्याखुऱ्या पोटतिडकीने वाद घातला. शेवटी त्यांनी कोठार सोडलं. काळवी नदीवरच्या दोरांच्या पुलावर एकाचा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, एकटा मागे थांबला. लढाईच्या आठ फेऱ्या, म्हणजे आठ राउंड. नियमाप्रमाणे एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे ती लढाई जेमतेम अठ्ठेचाळीस सेकंदांची. टेबलावर ती दोन तास चालली, आणि शेवटच्या राउंडला कुणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही. चाळीस माणसं पार झाली. फायटर पडला, पूल कापला गेला, गाव जळलं. तो खेळाडू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि त्याने त्या फायटरचं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, वहीत चिकटवायला दिलं. चौथ्या वहीत ते आहे.

त्याच टेबलावर क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणारा पुजारी, खेळणारी मुलगी तेव्हा नववीत होती. पार झालेल्या चाळीसही जणांना तिने नावं ठेवली, एका कागदावर लिहून काढली, आणि नंतर वर्षभर प्रत्येक सेशनमध्ये त्यातल्या दोघा-तिघांची चौकशी केली. गेल्या रविवारी तुमचा निर्णय ऐकून तिने मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, "ताई, मग मी ज्यांना नेलं ते आता कुठे आहेत? छावणीत, की परत गावात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

तुम्ही म्हणाल, गोष्टच तर आहे. हो, गोष्टच आहे. पण ती त्या पाच जणांनी आपल्या निवडीची किंमत मोजून मिळवलेली गोष्ट आहे. कोठार सोडण्याला अर्थ होता कारण कोठार परत मिळणार नव्हतं. तुम्ही एका वाक्यात गाव परत आणलंत, तेव्हा गाव वाचलं नाही; त्या पाच जणांचा निर्णयच पुसला गेला. आणि नव्या मुलांना तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवलंत की इथे काहीही झालं तरी फार मनावर घ्यायचं नसतं.

दुसरी तक्रार काळाची आणि अंतराची.

गायगॅक्सने 1979 साली डीएमसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात काळाची काटेकोर नोंद नसेल तर अर्थपूर्ण कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, चालूच शकत नाही हे वाक्य त्याने सगळं मोठ्या अक्षरांत छापलं. पुष्कळ जण ते हेकट म्हाताऱ्याचं वाक्य म्हणून सोडून देतात. पण त्या काळी एकाच जगात अनेक वेगवेगळ्या टोळ्या खेळत असत. एका टोळीने गुहेतला खजिना मंगळवारी उचलला, तर दुसरीला तो बुधवारी मिळता कामा नये. आपली अडचण नेमकी तीच आहे. एकच टेबल असतं तर कॅलेंडर ढिलं ठेवून भागलं असतं. चार टेबलं एका नकाशावर खेळतात तेव्हा कॅलेंडर हाच टेबलांमधला एकमेव करार असतो.

अंतराचंही तेच. आपण 2014 चे नियम वापरतो. त्यात साधारण चालीने पार्टी, म्हणजे एका टेबलावरच्या पात्रांची टोळी, दिवसाला चोवीस मैल जाते, म्हणजे अडतीसेक किलोमीटर. आठ तासांपुढे चाललात तर दर तासाला शरीराची परीक्षा, आणि फासा हवा तसा पडला नाही तर थकवा चढतो. तुम्ही म्हणालात, हे कंटाळवाणं आहे. पण आपण सगळे सह्याद्रीत फिरलेलो आहोत. 1660 च्या आषाढातली ती रात्र आठवा. पन्हाळ्यापासून विशाळगड साठेक किलोमीटर, पाऊस, चिखल, मागे सिद्दी जौहरची माणसं. अंतर होतं म्हणून खिंड लढवावी लागली. 'तुम्ही विशाळगडावर पोचता' असं कुणी एका ओळीत सांगितलं असतं तर बाजीप्रभूंना थांबायचं कारणच उरलं नसतं. आपला पूलही तसाच लढवला गेला, कारण पलीकडची छावणी दीड दिवसाच्या वाटेवर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता गेल्या महिन्यात तिसरं टेबल त्याच छावणीतून राजधानीला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचलं. राजधानी नकाशावर एकशे नव्वद मैलांवर आहे.

नकाशावरून आठवलं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हे मला इतरांपेक्षा जास्त टोचत असेल, पण नव्या नकाशात काळवी नदी डोंगरातून उतरून मैदानात दोन फाट्यांत विभागते आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळते. नद्या खाली येताना एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुधा मुखापाशी, त्रिभुज प्रदेशात. आणि डोंगराच्या दोन्ही अंगांना तेच घनदाट जंगल कसं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाली वाईला त्याचा पाचवा हिस्साही नाही. पर्जन्यछायेची बाजू कोरडी दाखवली तर तुम्हाला फुकटात मेंढपाळ मिळतील, विहिरींवरची भांडणं मिळतील, घाटातून येणाऱ्या तांदळावरची जकात मिळेल. नदी दोन समुद्रांना न्यायचीच असेल तर तसं करा, पण मग तिथे कुणा देवाचा शाप आहे हे तरी ठरवा. म्हणजे एखादा खेळाडू 'असं का?' म्हणून शोधायला गेला तर त्याला काहीतरी सापडेल.

इथे तुमच्या नेहमीच्या वाक्याकडे येते : "ड्रॅगन चालतो, मग भाकरीचा हिशेब कशाला?"

मी वास्तव मागत नाही, सुसंगती मागते आहे. दोन्हींत फरक आहे. ग्रेग स्टॅफर्डने 1966 पासून रचलेलं ग्लोरान्था हे अशाच खेळांतलं जग घ्या. तिथे पृथ्वी गोल नाही, सूर्य म्हणजे साक्षात देव, आपलं भौतिकशास्त्र तिथे लागूच होत नाही. तरी ते जग खेळाडूंना पन्नासेक वर्षं धरून आहे, कारण देवांनी एकदा जे केलं त्याचे परिणाम तिथे शेतापासून लग्नापर्यंत सगळीकडे दिसतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठीच रचलेलं 1991 चं डार्क सन हे जग घ्या. त्या जगात धातू दुर्मीळ, एवढं एक ठरवलं आणि मग तलवारी हाडांच्या नि काचदगडाच्या झाल्या, नाणी भाजलेल्या मातीची झाली. जादू झाडापाल्यातला जीव शोषून चालते असं ठरलं, आणि म्हणून तिथे वाळवंट आहे, आणि म्हणून जादूगाराकडे लोक भीतीने बघतात. एक थाप मारायची आणि तिच्याशी इमान राखायचं, हे त्या लोकांनी केलं.

हे आपल्याला नवं आहे का? लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. आजोबा रोज संध्याकाळी येऊन एकच प्रश्न विचारायचे : "गडावर पाणी कुठंय?" मग आम्ही वाटी पुरून टाकं करायचो. दुसऱ्या दिवशी विचारायचे, "मावळा वर जातो कुठून?" मग पायवाट. अमात्यांच्या आज्ञापत्रातही हेच आहे, गडावर आधी पाणी बघावं आणि मगच किल्ला बांधावा. किल्ला मातीचा, मावळे मातीचे, सगळं खोटं, हे आजोबांना माहीत नव्हतं का? पण शेजारच्या मुलाने बुरुजावर प्लास्टिकची मोटार ठेवली तेव्हा सगळ्यात आधी आम्हीच ओरडलो होतो. आणि भातुकलीत विटांच्या चुलीवर कुणी चुकून पाय ठेवला की सगळ्या मुली एकदम "भाजलं!" म्हणतात. एकदा चूल म्हटलं की ती चूल. पाच वर्षांच्या मुलींना जे कळतं ते आपण सोडून द्यायचं?

पैशांबद्दल थोडक्यात. नियमपुस्तकात अकुशल मजुराची दिवसाची मजुरी दोन चांदीची नाणी आहे, आणि दहा चांदीचं एक सोन्याचं. पहिल्या टेबलाने ड्रॅगनच्या गुहेतून दहा हजार सोन्याची नाणी आणली, म्हणजे एका मजुराची पन्नास हजार दिवसांची कमाई. पन्नास नाण्यांचा एक पौंड धरला तर ते दोनशे पौंड होतात, नव्वद किलो. ती त्या टेबलावरच्या चौघांनी खिशात घातली, दोनशे उंबऱ्यांच्या गावात उधळली आणि दुसऱ्या दिवशी भाकरीचा भाव तोच होता. 1324 मध्ये मालीचा राजा मन्सा मुसा हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटत गेला की तिथे सोन्याचा भाव पडला आणि पुढे कित्येक वर्षं सावरला नाही असं अरब इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. ही शिक्षा म्हणून नको, संधी म्हणून बघा. नव्वद किलो सोनं घाटातून न्यायचं तर बैल लागतील, बैलवाले लागतील, ते विश्वासाचे हवेत. तीन सेशन इथेच झाले.

नियमपुस्तकंही चुकतात, हे मला मान्य आहे. तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना होती आणि दहा फुटी नुसती काठी दोन चांदीच्या नाण्यांना. शिड्या विकत घ्या, पायऱ्या काढा, काठ्या विका, आणि बसल्या जागी श्रीमंत व्हा. अशा वेळी डीएमने 'आमच्या गावात काठी स्वस्त आहे' म्हणून मोकळं व्हावं. मी पुस्तकाची गुलामी मागत नाही.

आता जादू. ही तक्रारही मला तितकीच महत्त्वाची वाटते, कारण इथे हिशेब केला तर गोष्ट मरत नाही, उलट उभी राहते हे दाखवता येतं.

चौथ्या टेबलावर दुष्काळाची गोष्ट चालू होती. एका खेळाडूने रास्त प्रश्न विचारला : क्लेरिक मंत्राने अन्न-पाणी निर्माण करू शकतात, मग दुष्काळ कसा? डीएमने उत्तर दिलं, "या राज्यात तो मंत्र चालत नाही." पुढच्याच सेशनला पार्टीच्या क्लेरिकने तोच मंत्र वापरला आणि तो चालला.

पाच मिनिटं बसून आकडे मांडले असते तर? तो मंत्र तिसऱ्या पातळीचा. एकदा म्हटला की पंचेचाळीस पौंड अन्न आणि तीस गॅलन पाणी, म्हणजे पंधरा माणसांचा एक दिवस. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी नासतं, साठवता येत नाही. हा मंत्र पाचव्या लेव्हलच्या (लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) क्लेरिकला येतो आणि तो दिवसाला दोनदाच म्हणू शकतो. म्हणजे एक क्लेरिक तीस माणसं जगवतो. शहर तीन हजारांचं. त्यासाठी असे शंभर क्लेरिक लागतील, रोज, बाकी काहीही न करता. आपल्या राज्यात सगळे मिळून अकरा आहेत. दुसऱ्या वहीत यादी आहे.

म्हणजे दुष्काळ शाबूत राहिला. मंत्र बंद करायची गरजच नव्हती. आणि बघा काय मिळालं : देवळाच्या दारात एक क्लेरिक, समोर रांग, आणि रोज सकाळी त्याला तीस माणसं निवडायची आहेत. कुठली तीस? कालचीच की नवी? सावकाराने निरोप धाडला की माझ्या मुलाला आत घ्या, मी छप्पर बांधून देतो, तर? नववीतल्या त्या मुलीसमोर हा प्रसंग ठेवला असता तर तिने काय केलं असतं, हे मला आजही बघायचं आहे. 'मंत्र चालत नाही' या तीन शब्दांनी ते सगळं गेलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात हे आपल्या खेळाला जन्मजातच लागू आहे. म्हणून तर त्या कढीला चव एकच राहिली पाहिजे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. तुम्ही चौघं नोकऱ्या सांभाळून दर रविवारी तीन तास बोलता, त्याआधी शनिवारची रात्र तयारीत घालवता. नवी मुलं सात वह्या बघून बिचकतात. बाण मोजणं, प्रत्येक दोरखंडाचं वजन लिहिणं मलाही नको आहे. जिथे मोजण्याने निवड अवघड होत नाही तिथे मोजू नये, आणि चालू सेशनमध्ये गोंधळ झाला तर डीएमचा शब्द अंतिम, यावरही माझा वाद नाही. मीसुद्धा एकदा पाहुणी डीएम असताना मेलेल्या सरदाराला चुकून दरबारात बोलतं केलं होतं. एका खेळाडूने लक्षात आणून दिलं. मी टेबलावर चूक कबूल केली, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो तोतया आहे. पुढचं वर्षभर त्या तोतयाने पहिल्या टेबलाला झोपू दिलं नाही. चूक होण्याला माझी हरकत नाही. चूक होणारच म्हणून आधीच सगळी नोंद फेकून देण्याला आहे.

तर माझ्या मागण्या अशा.

ओझरकडा जळालेलाच राहू द्या. नव्या मुलांना गाव हवं असेल तर त्यांना नदीपलीकडच्या छावणीत उतरवा. तिथे चाळीस माणसं आहेत, प्रत्येकाला नाव आहे, आणि ती गाव पुन्हा बांधायला मदत मागताहेत. पहिल्या लेव्हलच्या पार्टीला यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. गाव पुन्हा उभं राहू दे, पण खेळाडूंच्या हातून, दोन पावसाळे घेऊन.

सामायिक कॅलेंडर चालू ठेवा. महिन्यातून एकदा चौघांनी पंधरा मिनिटं बसून कोण कुठल्या तिथीवर आहे एवढं जुळवा. ते मी जुळवून द्यायला तयार आहे.

प्रत्येक सेशननंतर डीएमने पाच ओळी द्याव्यात : तिथी, ठिकाण, काय बदललं, कोण गेलं, कुणी काय शब्द दिला. वही मी लिहीन. नव्यांसाठी सात वह्यांचं दोन पानी सार दिवाळीच्या सुट्टीत करून देते, म्हणजे कुणाला बिचकायला नको.

नियम बदलायचा तर सेशनच्या आधी सांगून बदला, फासा पडल्यावर नाही. एकदा बदलला की चारही टेबलांना तोच.

आणि कुठल्याही टेबलावर घडलेली गोष्ट रद्द करायची असेल तर आधी त्या टेबलावरच्या खेळाडूंना विचारा. सगळे हो म्हणाले तर मी स्वतः वहीत ती ओळ खोडेन. ओझरकड्याबद्दल त्या पाच जणांना कुणी विचारलेलं नाही.

येत्या रविवारी मी अर्धा तास आधी येते. चौथी वही आणि तो चाळीस नावांचा कागद बरोबर आणते. निर्णय कायम ठेवायचा असला तर ठेवा, पण आधी तो कागद एकदा वाचा आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला तुम्ही द्या.

आपली,
रोजनामा लिहिणारी